मॅन्युफॅक्चर्ड होमच्या कर्जासाठी इंजिनिअरचा फाउंडेशन रिपोर्ट: माहिती आणि अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत जमिनीसकट मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर, घेतलेलं इथे कुणी आहे का? आम्ही नॉर्थ कॅरोलिनात पीडमाँट भागात राहतो. गावाबाहेर दोन एकर जागा आणि तिच्यावर २००३ सालचं डबलवाइड (दोन अर्धे जोडून केलेलं), असं एक घर आम्हाला मनापासून आवडलंय. शहरातल्या घरांचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेलेत. शिवाय आई-बाबा वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, त्यांना अंगण हवं, माती हवी.

एफएचए लोन (सरकारी विमा असलेलं गृहकर्ज) घेतोय. अप्रेझल (घराचं मूल्यांकन) झालं, कागदपत्रं झाली, आणि आता क्लोजिंग (खरेदी पुरी होण्याचा दिवस) तोंडावर आल्यावर लेंडर, म्हणजे कर्ज देणारा, म्हणतो की ‘इंजिनिअरचं फाउंडेशन सर्टिफिकेशन’ लागेल. आमचा एजंट म्हणतो की ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, एका ऑनलाइन कंपनीला फोटो पाठवले की दोन दिवसांत शिक्का मारलेला कागद येतो. काउंटीचं (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचं) जुनं इन्स्पेक्शनही पास झालेलं आहे. नवऱ्याचं म्हणणं आहे की फोटो पाठवून मोकळं व्हावं. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाहीये. यात नेमकं काय तपासतात? काउंटीचा पास का चालत नाही?

पाथरवट

रानजाई ताई, तुमची शंका अगदी योग्य आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दक्षिणेतल्या दोन-तीन राज्यांचं लायसन्स आहे आणि असे रिपोर्ट नेहमी करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मराठीत काहीच सापडत नाही.

आधी घराबद्दल. १५ जून १९७६ पासून अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या या घरांना केंद्र सरकारचा, म्हणजे हड या गृहनिर्माण खात्याचा बांधकाम कोड लागू आहे. त्याआधीची ती ‘मोबाइल होम’, नंतरची ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’. १९७६ पूर्वीच्या घराला एफएचए कर्ज मिळतच नाही. तुमचं २००३ चं आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून, मागच्या टोकाला, साधारण दोन बाय चार इंचांची लाल अॅल्युमिनियमची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर तीन अक्षरं आणि पुढे आकडे. डबलवाइडला अशा दोन पट्ट्या. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, इलेक्ट्रिक पॅनलजवळ किंवा बेडरूमच्या क्लोजेटमध्ये एक कागद चिकटवलेला असतो, तो डेटा प्लेट. घर कोणत्या वाऱ्याच्या झोनसाठी आणि छतावरच्या किती भारासाठी बनवलंय ते त्यावर नकाशासकट असतं. आजच जाऊन दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. घर कारखान्यात कितीही नीट बनलेलं असो, जागेवर ते कशावर बसवलंय याची हमी कारखाना देत नाही. काउंटीचा इन्स्पेक्टर बघतो ते राज्याचे बसवणुकीचे नियम आणि कंपनीचं मॅन्युअल. त्या नियमांत जमिनीत स्क्रूसारखे फिरवून घातलेले अँकर आणि त्यांना बांधलेले पट्टे सर्रास चालतात. एफएचएचं माप वेगळं आहे. हडने सप्टेंबर १९९६ मध्ये ‘पर्मनंट फाउंडेशन्स गाइड फॉर मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग’ नावाची मार्गदर्शिका काढली आणि हडचाच भाग असलेलं एफएचए आजही तीच धरून चालतं. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की स्क्रू अँकर म्हणजे कायमस्वरूपी बांधणी नव्हे. फाउंडेशन जागेवर बांधलेलं हवं, टिकाऊ साहित्याचं हवं: काँक्रीट, मॉर्टर लावलेलं ब्लॉकचं बांधकाम किंवा प्रक्रिया केलेलं लाकूड. फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद तळपाया, सळई घातलेल्या काँक्रीटचं आणि त्याचा तळ जमीन गोठण्याच्या खोलीखाली. तुमच्याकडे ती खोली १२ इंच धरतात, मिनेसोटात ४२ ते ६० इंच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याने किंवा भूकंपाने घर उचललं जाऊ नये, उलटू नये आणि आडव्या-उभ्या कोणत्याच दिशेला सरकू नये इतकी बांधणी.

म्हणजे काउंटीचा पास खरा आहे, आणि तरीही हे घर एफएचएच्या मापात नापास होऊ शकतं. दोघे वेगळे प्रश्न विचारताहेत.

फोटोंवरून रिपोर्टबद्दल रात्री लिहितो, आता साइटवर निघालोय.

फाइलवाली

मी मॉर्गेज प्रोसेसिंगमध्ये काम करते. पाथरवटदादांनी लिहिलंय त्यात लेंडरच्या बाजूने भर घालते.

एफएचएच्या हँडबुकात, ४०००.१ मध्ये, स्पष्ट आहे: घर ज्या राज्यात आहे तिथल्याच लायसन्सधारक इंजिनिअरने किंवा आर्किटेक्टने सर्टिफिकेट द्यायचं, ते त्याच जागेपुरतं असलं पाहिजे, आणि त्यावर सही आणि शिक्का किंवा लायसन्स नंबर हवा. दुसऱ्या राज्यातला इंजिनिअर कितीही नावाजलेला असला तरी चालत नाही. ही चूक होऊन फायली परत आलेल्या मी पाहिल्यात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. विकणाऱ्याने पूर्वी एफएचए लोन घेतलं असेल तर त्याचं जुनं सर्टिफिकेट वापरता येतं, अट एवढीच की त्यानंतर फाउंडेशनमध्ये काही बदल किंवा दिसेल असं नुकसान झालेलं नसावं. तेव्हा ताई, आधी विकणाऱ्याला विचारा. त्याच्या जुन्या क्लोजिंगच्या फाइलमध्ये सापडू शकतं.

एजंट लोक कधी कधी म्हणतात की अप्रेझरने फाउंडेशन बघितलंय ना. अप्रेझर फोटो काढतो, दिसलेली अडचण लिहितो, लाल पट्टीचे नंबर टिपतो. फाउंडेशन टिकेल असं तो सांगत नाही, आणि त्याने तसं सांगणं अपेक्षितही नाही. होम इन्स्पेक्टरचंही तेच.

आणि घराची टायटल (मालकीचा कागद) बघून घ्या. नॉर्थ कॅरोलिनात ती सुरुवातीला गाडीसारखी डीएमव्हीकडे, म्हणजे वाहन नोंदणी खात्याकडे असते. ती रद्द करून घर जमिनीबरोबर स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवलेलं असायला हवं. टेक्सासमध्ये याच कामाला स्टेटमेंट ऑफ ओनरशिप, वॉशिंग्टनमध्ये टायटल एलिमिनेशन. फाउंडेशन उत्तम आणि टायटल अजून डीएमव्हीत, अशीही फाइल अडकते.

भटक्या_ह्यूस्टन

माझं मत थोडं वेगळं. आमच्या ओळखीतल्या कुटुंबाने मोबाइल होम पार्कमध्ये भाड्याच्या जागेवर सिंगलवाइड (एकाच भागाचं घर) घेतलं, त्यांना कुणी इंजिनिअर विचारला नाही. मग जमीन स्वतःची घेणाऱ्यालाच हा जाच का? काहीशे डॉलर आणि वर दुरुस्तीचा खर्च. ज्यांना परवडत नाही तेच लोक ही घरं घेतात, आणि त्यांच्यावरच हा बोजा.

फाइलवाली

भाड्याच्या जागेवरचं कर्ज बहुधा चॅटल लोन असतं, म्हणजे घर जंगम वस्तू धरून दिलेलं. व्याज जास्त, मुदत कमी. रानजाई ताईंचं कर्ज जमीन आणि घर एक धरून आहे, म्हणून घर जमिनीला कायमचं जोडलंय हे सिद्ध करावं लागतं. त्याबदल्यात ३.५ टक्के डाउन पेमेंट आणि तीस वर्षांची मुदत मिळते. बोजा आहे हे मान्य, पण त्या बोज्यामुळेच हे स्वस्त कर्ज मिळतंय.

कन्व्हेन्शनल लोनला (एफएचएचा विमा नसलेल्या), म्हणजे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांच्या नियमांनी दिलेल्या कर्जाला, १९९६ च्या मार्गदर्शिकेचं बंधन नाही. तिथे फाउंडेशन कंपनीच्या सूचनांप्रमाणे किंवा इंजिनिअरच्या डिझाइनप्रमाणे चालतं. चाकं, अॅक्सल आणि ओढायचा हिच काढलेला मात्र हवाच. तरीही बरेच लेंडर स्वतःहून इंजिनिअरचं पत्र मागतात.

पाथरवट

भटक्या, तुमची कळकळ मला समजते. पण तुम्ही ह्यूस्टनला आहात. वादळात ही घरं कशी जातात ते तुम्ही पाहिलं असेल. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात जे झालं त्यानंतर हडने १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक केले. भिंती आणि छत मजबूत झालं, पण ते मजबूत घर खालच्या जमिनीला धरून नसेल तर त्या मजबुतीचा काय उपयोग? ज्यांच्याकडे दुसरं घर घ्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठीच हा रिपोर्ट जास्त गरजेचा आहे, असं मी मनापासून मानतो.

आता फोटोंबद्दल. इंजिनिअरने स्वतः जाऊनच बघावं असं प्रत्येक ठिकाणी नसतं. त्याच्या देखरेखीखाली काम करणारा शिकलेला माणूस जागेवर गेला आणि इंजिनिअरने त्याची मापं तपासून जबाबदारीने सही केली, तर ते ठीक. पण घरमालकाने मोबाइलवर काढलेल्या चार फोटोंवरून शिक्का मारणं मी धंद्याशी बेइमानी समजतो. फोटोत फुटिंगची खोली दिसत नाही, पट्टा सैल आहे की ताणलेला ते कळत नाही, ब्लॉकमध्ये मॉर्टर आहे की नाही तेही बऱ्याचदा कळत नाही.

ताई, फोनवर तीनच गोष्टी विचारा: घराखाली रांगत कोण जाणार, फुटिंगच्या कडेला खणून खोली मोजणार का, आणि रिपोर्टमध्ये १९९६ च्या मार्गदर्शिकेचं नाव असणार का. उत्तर देताना जो अडखळेल त्याला सोडा.

सह्यकडा

मी पुण्यात सिव्हिलमध्ये आहे, या प्रकारच्या घरांची काहीच माहिती नव्हती. धागा छान चाललाय. एक विचारू का? खाली स्टीलची चासी आणि तिच्याखाली ब्लॉकचे खांब, असंच ना? मग आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी फुगणारी जमीन असेल तर एकेक खांब वेगवेगळा हलणार. सलग पाया नसताना ते कसं सांभाळतात?

पाथरवट

नेमका प्रश्न. चासी घराचाच भाग असते, कधीच काढत नाहीत. लांबीभर जाणारे आय-बीम, त्यांच्याखाली ठरावीक अंतरावर पिअर, म्हणजे तेच ब्लॉकचे खांब. डबलवाइडचे दोन अर्धे मधोमध जुळतात त्या रेषेला मॅरेज लाइन म्हणतात. तिथे छताच्या आढ्याचा भार येतो. हॉलमध्ये रुंद मोकळी जागा असली की तो सगळा भार तिच्या दोन टोकांच्या खांबांवर उतरतो, आणि बरोबर त्यांच्याखाली पिअर लागतो. बसवणाऱ्याने तो फूटभर बाजूला घातला की काही वर्षांत वरचं दार घासायला लागतं. मी घरात शिरलो की आधी हॉलची दारं उघडून-मिटून बघतो, मग खाली जातो.

डॅलसच्या आसपासची माती तुमच्या काळ्या मातीचीच बहीण आहे. तिथे फुटिंगची रुंदी आणि खोली मातीप्रमाणे ठरते, शिवाय पाण्याचा निचरा घरापासून दूर असणं हीच निम्मी लढाई. पावसाचं पाणी स्कर्टिंगखालून (घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या आवरणाखालून) आत जात असेल तर कुठलंही फुटिंग टिकणार नाही. मार्गदर्शिकेत मातीची क्षमता, बर्फाचा भार, वारा आणि भूकंप यांची वर्कशीट आहेत. तुम्हाला ती वाचायला आवडतील.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. विकणाऱ्याकडे जुनं सर्टिफिकेट नव्हतं, त्याने रोखीने घर घेतलं होतं. फोटोवाल्या कंपनीला नाही म्हटलं आणि जवळच्या शहरातल्या एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. पाथरवटदादांचे तिन्ही प्रश्न फोनवर विचारले. त्या खूश झाल्या, म्हणाल्या की हे कुणीच विचारत नाही.

मी सोबत होते. त्यांनी कव्हरऑल चढवला, डोक्याला दिवा लावला आणि मागच्या बाजूच्या छोट्या दारातून आत गेल्या. मी दारापाशी बसून त्या सांगतील ते आकडे लिहून घेत होते. एका पिअरपाशी थांबून त्यांनी वरचा ब्लॉक हाताने ढकलला आणि तो सरकला. मॉर्टर नव्हतं, नुसते एकावर एक ठेवलेले ब्लॉक आणि वर लाकडी पाचरी. फुटिंग मात्र काँक्रीटची निघाली, आणि कडेला खणून बघितलं तर पुरेशी खोल. अँकरचे पट्टे चारही कोपऱ्यांना, पण सगळे स्क्रू अँकर, आणि दोन पट्टे इतके सैल की बोटाने हलत होते. बाहेरची विटांची भिंत चांगली आहे, आत जमिनीवर प्लास्टिकही आहे, पण स्वयंपाकघराखाली ते फाटून तिथली माती ओली. छताच्या पन्हळीचा डाउनस्पाउट (पाणी खाली सोडणारा पाइप) बरोबर त्याच भिंतीशी सुटतो.

निकाल: आहे त्या स्थितीत सर्टिफाय करता येणार नाही. पत्रात प्रत्येक पिअरची जागा आखलीय आणि काय केलं तर मान्य होईल ते लिहिलंय. नवरा ते पत्र वाचून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की फोटो पाठवले असते तर हे घर आपल्या गळ्यात पडलं असतं.

आता पुढे काय करावं? घर सोडून द्यायचं का?

पाथरवट

अजिबात नको. काँक्रीटचं फुटिंग पुरेशा खोलीवर आहे, म्हणजे सर्वांत महागडं काम वाचलं. बाकीचं दुरुस्त होण्यासारखं आहे.

ब्लॉकच्या पिअरना दोन्ही बाजूंनी सरफेस बाँडिंगचा लेप देतात. फायबर मिसळलेलं सिमेंटचं मिश्रण असतं, त्याने सुटे ब्लॉक एकसंध होतात. बऱ्याच इंजिनिअरना ते मान्य असतं. तुमच्या इंजिनिअर बाईंनी पत्रात तसं लिहिलंय का बघा, कारण शेवटी सही त्यांची आहे. अँकरच्या जागी ठरावीक ठिकाणी सळईचं नवं काँक्रीट ओतून त्यातून स्टीलचे तिरपे स्ट्रट (आधाराचे दांडे) आय-बीमला बोल्ट करतात. काही आडव्या दिशेने, काही लांबीच्या दिशेने. लांबीची दिशा लोक विसरतात, तुमच्या कंत्राटदाराला ती आठवण द्या. डाउनस्पाउट लांब न्या, प्लास्टिक बदला, किमान ६ मिल (इंचाच्या सहा हजारांश) जाडीचं.

काम झाल्यावर त्याच इंजिनिअरनी परत येऊन बघायला हवं. ओतण्याआधी खड्डे आणि सळया दाखवा, ओतून झाल्यावर कुणालाच काही दिसत नाही.

सॅक्रामेंटोकर

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी: आपल्याकडे फाउंडेशन बसल्यावर ४३३ए नावाचा एचसीडीचा (राज्याच्या गृहनिर्माण खात्याचा) फॉर्म काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवला जातो. घर घेताना टायटल कंपनीकडून त्याची प्रत मागाच. पण ती नोंद आणि इंजिनिअरचं सर्टिफिकेट या वेगळ्या गोष्टी आहेत, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. आमच्या रिफायनान्सच्या वेळी लेंडरने दोन्ही मागितले.

आणखी एक, लाल पट्टी हरवली असेल तर हड नवी देत नाही. आयबीटीएस या संस्थेकडून पट्टीच्या नंबरांचं पडताळणी पत्र मिळतं. आमच्याकडे आधीच्या मालकाने साइडिंग बदलताना पट्टी फेकून दिली होती.

फाइलवाली

रानजाई ताई, पत्र विकणाऱ्याच्या एजंटला लगेच पाठवा. अडचण कागदावर आली आहे. आता दुसरा एफएचए गिऱ्हाईक आला तरी हेच होणार, हे त्यालाही कळतं. दुरुस्ती विकणाऱ्याने करावी, किंमत कमी करावी किंवा अर्धं-अर्धं, काहीही होऊ शकतं. फक्त क्लोजिंगची तारीख पुढे ढकलल्याचं लेखी घ्या, आणि रेट लॉक (ठरलेला व्याजदर राखून ठेवल्याची मुदत) कधी संपतो ते लेंडरला आजच विचारा.

भटक्या_ह्यूस्टन

ताई, तो सरकलेला ब्लॉक वाचून माझं मत बदललं. त्या ओळखीच्या कुटुंबाला मी हा धागा पाठवलाय. त्यांच्या घराखाली आजवर कुणी गेलेलंच नाही.

रानजाई

विकणारा तयार झाला. कंत्राटदाराचा खर्च तो देणार, इंजिनिअरच्या दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही. तारीख पुढे गेली आणि लॉक वाढवायला थोडे पैसे पडले, पण चालेल. काल खड्डे खणून सळया बांधल्या, इंजिनिअर बाई येऊन बघून गेल्या, आज काँक्रीट ओतलं. लांबीच्या दिशेचे स्ट्रट कंत्राटदाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये खरोखरच नव्हते. पाथरवटदादा, तुमच्यामुळे विचारलं.

एक शेवटचा प्रश्न. आई-बाबांसाठी मागच्या दाराला रॅम्प आणि छप्पर असलेला डेक करायचा आहे. सर्टिफिकेटवर त्याचा काही परिणाम होईल का?

पाथरवट

होऊ शकतो, म्हणून आधी विचारलंत ते बरं. हे घर फक्त स्वतःचा भार पेलायला बनलेलं असतं. डेकचं छप्पर घराच्या भिंतीला किंवा छताला टेकवलंत तर जोडकाम म्हणून त्याची वेगळी तपासणी लागते, आणि आत्ता मिळणारं सर्टिफिकेट पुढच्या कर्जाला वापरता येईलच असं नाही. डेक आणि छप्पर स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या फुटिंगवर, घरापासून सुटं उभं करा. काउंटीचं परमिट घ्या.

आणि मागे जे छोटं दार आहे, ज्यातून इंजिनिअर बाई आत गेल्या, ते रॅम्पखाली झाकलं जाणार असेल तर रॅम्पची जागा बदला किंवा दार दुसऱ्या बाजूला काढा. किमान ३ चौरस फुटांचं आणि कुठल्याही बाजूने १८ इंचांपेक्षा कमी नको. व्हेंटही झाकू नका, साधारण दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जाळी लागते. नकाशा काढलात की इथे टाका, बघून सांगतो.